वावरात घर: पॅनलचं तयार आणू का विटांचं बांधू?
मावसभाऊ दोन महिन्यांपासून हेच इचारून राह्यला. पॅनलचं म्हंजे कारखान्यात बनवलेल्या पत्र्याच्या भिंतींचं तयार घर. पहिले माती पाहा भाऊ, आपली काळी माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, पाया उथळ ठेवला का विटांच्या भिंतीले तडे आलेच समज. पॅनलचं घर हलकं असते पण त्यालेही पक्का ओटा नाहीतर कॉलम लागतेच, नुसतं आणून ठेवलं अन् झालं असं नाही. ऊन म्हणशील तर चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जाते, साध्या पत्र्याचं केबिन म्हणजे भट्टी, पत्र्याच्या मधात ५० एमएमचा पफ (गरमी अडवणारा फोमचा थर) असला तर कूलरवर निभते. विटांची भिंत उशिरा तापते पण रात्रभर गरमी सोडते, म्हणून तर आपण अंगणात खाट टाकतो. वेळेत पॅनल जिंकते, फक्त पांदणीनं ट्रेलर अन् क्रेन येते का पाहा, पावसाळ्यात तर इसरच. त्याचं भाडं, पाया कोटेशनमध्ये आहे का तेही इचार. दुरुस्तीले विटांच्या घराले गावचा मिस्त्री पुरते, पॅनल चेपलं का कंपनीची वाट पाहा.

सालदारासाठी, नाहीतर पुढं जागा हलवायची असन तर पॅनल घे. जन्मभर राहायचं, वर मजला चढवायचा असन तर विटांचंच, पाया खोल घेऊन.