अमेरिकेत मुलांसाठी दूध: साधं, आरबीएसटी-मुक्त की ऑरगॅनिक?

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल वर्षाचं झालं की दुधाचा प्रश्न येतोच. दुकानात वेगवेगळ्या किमतींचे गॅलन समोर असतात आणि मनात धाकधूक असते, की इथे गाईंना हार्मोन टोचतात आणि ते दूध पिऊन मुली लवकर वयात येतात. आई-बापाला ही भीती वाटणं साहजिक आहे. पण जास्त पैसे मोजायचे, तर ते कशासाठी हे कळायला हवं.

गाईच्या शरीरात वाढीचं हार्मोन मुळातच असतं, त्याला बीएसटी म्हणतात. तेच जिवाणूंकडून तयार करून घेतलं की झालं आरबीएसटी. मोन्सँटो कंपनीच्या ‘पोसिलॅक’ या आरबीएसटीच्या इंजेक्शनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, १९९३ मध्ये मान्यता दिली. दर चौदा दिवसांनी ते टोचलं की गाय साधारण दहा-पंधरा टक्के जास्त दूध देते. कॅनडानं १९९९ मध्ये ते नाकारलं, युरोपीय संघानं त्यावर कायमची बंदी घातली. ‘तिकडे बंदी, मग इथे का चालतं?’ असं सगळेच विचारतात. ती बंदी मुख्यतः गाईंसाठी होती. कॅनडाच्या पशुवैद्यकांच्या समितीला कासदाहाचा, म्हणजे आपल्याकडच्या दगडीचा, धोका २५ टक्क्यांपर्यंत आणि लंगडेपणाचा ५० टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसला. माणसांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या दुसऱ्या समितीला मोठा धोका आढळला नाही.

आता मुलांचं. बीएसटी हे प्रथिन आहे, ते पोटात पचून जातं. शिवाय गाईचं हे हार्मोन माणसाच्या शरीरावर काम करत नाही. १९५० च्या दशकात वाढ खुंटलेल्या रुग्णांना ते टोचूनही पाहिलं होतं, उपयोग झाला नाही.

खरा प्रश्न आयजीएफ-१ चा आहे. हा वाढीचा घटक गाईत आणि माणसात अगदी सारखा असतो आणि इंजेक्शन दिलेल्या गाईच्या दुधात तो थोडा वाढतो. मात्र आपलं शरीर स्वतः रोज जेवढं आयजीएफ-१ बनवतं, त्यापुढे दुधातलं प्रमाण फारच किरकोळ असतं. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात आठ वर्षांच्या मुलग्यांना आठवडाभर रोज दीड लिटर दूध दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं आयजीएफ-१ १९ टक्क्यांनी वाढलं. हे युरोपातलं, इंजेक्शन नसलेल्या गाईंचं दूध होतं. म्हणजे हा दुधाचाच गुण आहे, आणि मूल किती दूध पितं याला लेबलापेक्षा जास्त महत्त्व आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला दोन ते अडीच कप पुरतात. जेवत नाही म्हणून बाटलीवर बाटली दिली, तर पोट दुधानंच भरतं आणि लोह कमी पडतं. हे मला हार्मोनपेक्षा कितीतरी जास्त काळजीचं वाटतं.

मुली लवकर वयात येण्याचं म्हणाल, तर ते वय पोसिलॅक बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून खाली येत होतं. लठ्ठपणाशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. आठ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसू लागली, तर दूध बदलून वाट बघत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

साधं आणि आरबीएसटी-मुक्त यांतली निवड सोपी आहे. २००७ मध्येच देशातल्या जेमतेम १७ टक्के दुभत्या गाईंना हे इंजेक्शन मिळत होतं. पुढच्याच वर्षी वॉलमार्ट आणि क्रोगर या मोठ्या दुकानांनी आपल्या ब्रँडच्या दुधासाठी ते बंद केलं. त्यामुळे बऱ्याचदा दुकानाचा स्वस्त गॅलनच आरबीएसटी-मुक्त असतो, लेबलावरची बारीक अक्षरं तेवढी वाचा. मी हेच दूध घ्या म्हणेन, ते गाईंचे हाल टळावेत म्हणून. ‘हार्मोन-फ्री’ या शब्दावर मात्र विसंबू नका, कारण कुठल्याच गाईचं दूध हार्मोनविना नसतं.

ऑरगॅनिकला किंमत साधारण दुप्पट पडते. त्यात इंजेक्शन नाही, गाईंना प्रतिजैविकं नाहीत आणि वर्षातून किमान १२० दिवस चरायला कुरण आहे. चरणाऱ्या गाईच्या दुधात ओमेगा-३ थोडं जास्त असतं. प्रतिजैविकांची भीती असेल तर साध्या दुधाचाही प्रत्येक टँकर तपासला जातो आणि दोष सापडला तर तो फेकून देतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये सांगितलं, की दोन्ही दुधांत मुलांच्या आरोग्यावर परिणाम होईल असा फरक सिद्ध झालेला नाही. ऐपत असेल आणि गाय कुरणात चरावी असं मनापासून वाटत असेल, तर जरूर घ्या. फळं-भाज्यांचे पैसे कापून मात्र घेऊ नका. आणखी एक, ऑरगॅनिकपैकी बरंचसं दूध टिकावं म्हणून खूप जास्त तापवलेलं असतं. त्याचं दही लागतं, पण पनीर भुसभुशीत होतं, वडी धरत नाही.

काही जण गावच्या दुधाच्या आठवणीनं फार्मवरून कच्चं दूध आणतात. मुलांना ते अजिबात कच्चं देऊ नका. ई-कोलाय, साल्मोनेला हे धोके जुनेच आहेत, आणि मार्च २०२४ पासून इथल्या गाईंमध्ये बर्ड फ्लूही सापडला आहे.

भारतातून आजी फोनवर ‘इंजेक्शनच्या दुधा’ची काळजी करते, ती वेगळ्या इंजेक्शनची. तिथे काही गोठ्यांत जनावरानं पान्हा सोडावा म्हणून ऑक्सिटोसिन टोचतात. त्यानं वाढ होत नाही, फक्त कासेतलं दूध उतरतं. रक्तात ते काही मिनिटंच टिकतं आणि दुधातून पोटात गेलंच तर पचून जातं. जनावराचे मात्र हाल होतात, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं दूध वाढवण्यासाठी अशी अपायकारक इंजेक्शनं देणं गुन्हा आहे. सुट्टीत गावी गेलात, तर दूध ओळखीच्या गोठ्यातून घ्या आणि उकळूनच मुलांना द्या.