कामगार वस्तीत घर घेतलं, त्याला अकरा महिने झाले

शहरातल्या एका जुन्या कामगार वस्तीत आम्ही फ्लॅट विकत घेतला, त्याला या महिन्यात अकरा महिने झाले. घेण्याआधी मी दिसेल त्याला विचारत सुटले होते. बहुतेकांकडून दोनपैकी एक उत्तर यायचं. 'तिकडे कशाला?' किंवा 'डोळे मिटून घ्या, पाच वर्षांत दुप्पट होईल.' हे सांगणाऱ्यांपैकी तिथे राहणारं कुणीच नव्हतं. तेव्हा मला हवा होता तसा राहणाऱ्या माणसाचा अनुभव मिळाला नाही, म्हणून आता स्वतः लिहितेय.

आधी निकाल सांगते. वस्ती निवडली ते बरोबर ठरलं. इमारत निवडताना घाई केली, आणि त्या घाईची किंमत अजून मोजतोय.

पहिली चूक वेळेची. एजंटने आम्हाला रविवारी सकाळी नेलं. गल्ली शांत, उन्हं छान आलेली, खालच्या तिन्ही वर्कशॉपची शटर बंद. दुसऱ्यांदा गेलो तोही रविवारच, कारण सुट्टी तेव्हाच असते. राहायला आल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी साडेसातला लेथ (धातू कातायचं यंत्र) सुरू झाला आणि रात्री अकराला समोर ट्रक भरायला लागला. लोखंडी पट्ट्या एकावर एक पडायच्या तो आवाज छातीत जाणवायचा. पहिले तीन आठवडे मी नीट झोपले नाही.

मग आवाजाचा जरा अभ्यास केला. डेसिबलचा आकडा 10 ने वाढला की आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे 50 आणि 60 मधला फरक कागदावर दिसतो तेवढा लहान नसतो. मोकळ्या जागेत एकाच ठिकाणहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबलने उतरतो. सतत वाहत्या रस्त्याचा मात्र 3 नेच उतरतो. म्हणजे वर्कशॉपपासून चार घरं लांब गेलात तर सुटका आहे, मोठ्या रस्त्यापासून तेवढंच लांब जाऊन विशेष काही साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची शिफारस केली ती घराबाहेर 40 डेसिबल. आमच्या पुढच्या खिडकीत ट्रक भरताना फोनवर 60 च्या आसपास दिसायचं. फोनचं मोजमाप ढोबळ असतं, पण ढोबळ अंदाजही घेण्याआधीच घ्यायला हवा होता. शेवटी झोपायची खोली मागे हलवली, पुढे बैठक केली. मागच्या बाजूला दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, उजेड कमी, पण झोप लागते. घर पाहताना खोल्यांची अशी अदलाबदल करता येईल का, एवढं जरी पाहिलं तरी निम्मा प्रश्न सुटतो.

याच आवाजाची दुसरी बाजू मला अपेक्षित नव्हती. मी कामावरून यायला रात्रीचे साडेदहा होतात. आधी आम्ही भाड्याने राहायचो तो भाग 'चांगला' म्हणून ओळखला जायचा. तिथे रात्री नऊनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं आणि मी किल्ली मुठीत धरून चालायचे. इथे साडेदहाला शिफ्ट सुटलेली माणसं परतत असतात, कुणीतरी दारात बसलेलं असतं, ट्रकवाले असतात. पहाटे पाचला पुन्हा वर्दळ. शेजारच्या काकू रुग्णालयात रात्रपाळी करतात, त्या पहाटे येतात तेव्हा खालचा लेथवाला दादा शटर उघडत असतो, आणि त्यांना यायला उशीर झाला तर तो वर येऊन विचारून जातो. रात्रपाळी करणाऱ्या बाईसाठी याहून मोठी सोय दुसरी कुठली? घर घेताना हा मुद्दा माझ्या यादीतच नव्हता.

आता जमिनीबद्दल, कारण इथे मी डोळ्यांनी पाहूनही दुर्लक्ष केलं. जिन्याखालच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतच ताजा रंग होता. वरचा रंग जुना, मळकट, आणि मध्ये फूटपट्टीने आखावी तशी रेघ. मला वाटलं, मुलं पाय घासत असतील म्हणून खालचं रंगवलं असेल. ती पाण्याची रेघ होती. मागच्या काही वर्षांत दोनदा तिथवर पाणी चढलं होतं, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं, तेही राहायला आल्यावर. आम्ही वरच्या मजल्यावर आहोत, पण विजेचे मीटर त्याच जिन्याखाली आहेत. पाणी चढलं की सगळी इमारत अंधारात.

कामगार वस्त्या सखल भागात, नाल्याकाठी, रुळांलगत सापडतात हा योगायोग नव्हे. ज्या जमिनीवर इतरांना राहायचं नव्हतं ती स्वस्त होती, म्हणून तिथे कामगारांची घरं बांधली गेली. वाऱ्याचंही तसंच. इंग्लंडमध्ये वारा मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे गिरण्यांचा धूर पूर्वेकडे जायचा आणि गरीब वस्त्या पूर्वेला वाढल्या. लंडनचा ईस्ट एंड त्यातलाच. 19व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या 70 शहरांच्या धुराड्यांवर अर्थतज्ज्ञांनी काम केलंय. त्यातून दिसलं की धुराडी बंद होऊन कित्येक दशकं लोटली तरी जो भाग तेव्हा धुराखाली होता तो आजही मागे आहे. हे वाचल्यावर मला 'पाच वर्षांत दुप्पट' म्हणणाऱ्यांची आठवण झाली. वस्तीचा लौकिक इतक्या लवकर पालटत नाही. लवकर पालटेल या हिशेबावर कर्ज काढू नका.

आपल्या इमारतीच्या जागी आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पूर्वी काय होतं, हे तर विचाराच. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनालमध्ये रासायनिक कचऱ्याने भरलेल्या कालव्यावर शाळा आणि भोवती घरं झाली. तिथे 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं. घरं घेणारी साधी नोकरदार कुटुंबंच होती. आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पूर्वी कापड रंगवायचा कारखाना होता असं जुने लोक सांगतात. त्या मातीत मी कुंडीसुद्धा भरत नाही. जुन्या दार-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून आम्ही चौकटी कोरड्या खरवडू दिल्या नाहीत, ओल्या करूनच घासून घेतल्या. घरात लहान मूल असेल तर यात काटकसर करू नका.

इमारतीबद्दल माझी तक्रार मोठी आहे. 'कामगारांसाठी बांधलेलं म्हणजे कच्चं असणारच' असं म्हणून लोक मोकळे होतात, ते मला पटत नाही. व्हिएन्नातला कार्ल-मार्क्स-होफ हा घरांचा मोठा समूह 1927 ते 1930 मध्ये कामगारांसाठीच बांधला, एक किलोमीटरहून लांब आहे, आणि त्यात आजही लोक राहतात. बांधकामाइतकीच देखभाल मोलाची असते, आणि आमच्या इमारतीत वर्षानुवर्षं ती झालीच नव्हती. देखभालीच्या खात्यात किती शिल्लक आहे हे मी विचारलं नाही. जवळजवळ काही नव्हतं. विकणाऱ्याने कोपऱ्यात मोठं कपाट ठेवलं होतं. ते गेल्यावर मागे हात लावला तर भिंत गार आणि दमट, रंगाचे पापुद्रे बोटांना लागले. गच्चीचं पाणी त्या कोपऱ्यातून उतरत होतं. घर पाहायला जाल तेव्हा सामान सरकवून मागे हात लावा. संकोच करू नका, आयुष्यभराची कमाई घालताय.

पाण्याचा दाबही असाच. टाकी आमच्या डोक्यावर दोन मीटरच वर आहे. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार (दाब मोजायचं एकक) होतो, म्हणजे आम्हाला मिळतो 0.2. झटपट पाणी तापवणारा गीझर चालूच होईना, कारण त्याला लागतो तेवढा दाबच नाही. शेवटी साठवणीचा बसवला. वरचा मजला घेणाऱ्याने प्रत्येक नळ स्वतः सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहावं.

पैशाचं थोडक्यात. घराच्या किमतीला तशाच घराच्या वर्षाच्या भाड्याने भागा. ढोबळ नियम असा की 15 च्या आत आलं तर विकत घेणं फायद्याचं, 20 च्या वर गेलं तर भाड्याने राहणं. आमचं 14 आलं. अशा वस्त्यांमध्ये किंमत भाड्यापेक्षा जास्त दबलेली असल्याने आकडा चांगला दिसतो, पण दुरुस्तीचा खर्च त्यात धरलेला नसतो. आमचा पहिल्या वर्षाचा दुरुस्तीचा खर्च जवळपास नऊ महिन्यांच्या भाड्याएवढा झाला. शिवाय जुनी इमारत म्हटल्यावर कर्ज द्यायला बँका कचरतात, आणि उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही तीच अडचण येणार.

मग वस्ती चांगली की वाईट, हे ओळखायचं कसं? अकरा महिन्यांनंतर मी एकच गोष्ट सगळ्यांत वर ठेवते: ज्यांची परिस्थिती सुधारली ते इथेच राहिले का? आमच्या काकूंच्या मुलाला चांगली नोकरी लागली. तो दुसरीकडे जाऊ शकला असता. त्याने याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. समोरच्या इमारतीतही असे दोघे आहेत. नवा कॅफे उघडला किंवा बाहेरून रंग लागला, यापेक्षा ही खूण मला कितीतरी भरवशाची वाटते. दुसरं, सगळी वस्ती एकाच धंद्यावर जगत नाही ना, हे पाहावं. मोटारींच्या कारखान्यांवर उभं राहिलेलं अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर 1950 मध्ये साडेअठरा लाखांचं होतं, 2010 मध्ये सात लाखांवर आलं, आणि मागे रिकामी घरं राहिली. आमच्या गल्लीत लेथ आहे, छपाई आहे, शिवणकाम आहे, रुग्णालयात आणि बसवर काम करणारे आहेत. एक बंद पडलं तरी गल्ली उभी राहील.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. आमच्यासारखे नवे आलेले काही जण आता वर्कशॉप बंद करा म्हणून सह्या गोळा करतायत. जेंट्रिफिकेशन हा शब्द रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1964 मध्ये लंडनच्या कामगार वस्त्यांबद्दलच वापरला होता: बरी परिस्थिती असलेले येतात, भाव चढतात, मूळ रहिवासी निघून जातात. मी सही केली नाही. रात्री दहानंतर ट्रक भरू नका एवढी विनंती करायला मी लेथवाल्या दादांकडे गेले होते. त्यांनी ट्रकवाल्याशी बोलून वेळ नऊवर आणली. पहिल्या आठवड्यातच गेले असते तर तीन आठवड्यांची झोप वाचली असती.

गच्चीचं काम अजून बाकी आहे. वर्गणी निम्मी जमली आहे, दोन घरं द्यायला तयार नाहीत. मीटर वर चढवायचं मात्र ठरलंय.

गेल्या रविवारी एक तरुण जोडपं जिन्यात भेटलं. तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट पाहून उतरत होते. मी त्यांना जिन्याखाली नेऊन ती रेघ दाखवली आणि म्हटलं, मंगळवारी रात्री साडेदहाला परत या. ते आले. आम्ही तिघं अर्धा तास गल्लीत उभे होतो. काकू कामावर निघाल्या होत्या, त्यांच्याशीही दोघं बराच वेळ बोलले. जाताना त्या मुलीने मला विचारलं, देखभालीच्या खात्याचा हिशोब कुणाकडे मागायचा?