तांब्याची लाइन दुरुस्त करावी, केबलवाल्याची फायबर घ्यावी, की गच्चीवर ५जीचा डबा बसवावा?

टेलिफोनच्या तारेवरचं नेट ज्यांच्या घरी अजून आहे, आणि जे धड चालतही नाही, धड बंदही पडत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नवीन घरात नवीन जोडणी घेणाऱ्याला हा प्रश्नच नाही, त्यानं सरळ फायबर विचारावी. अडचण आहे ती जुन्या ग्राहकांची. नंबर वर्षानुवर्षांचा, सगळ्या पाहुण्यारावळ्यांकडे तोच, आणि कपाटावर मॉडेम डीएसएलचा दिवा लुकलुकवत बसलेला.

मी परभणीत घरूनच जीएसटीची कामं करतो. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला पोर्टल आधीच धापा टाकत असतं. त्यात आपली लिंक गेली की लॉगिन पुन्हा, ओटीपी पुन्हा, आणि पार्टी फोनवर ताटकळत. त्यामुळे मला वेगाचं फारसं कौतुक नाही. ८ एमबीपीएस सलग मिळालं तरी माझं भागतं. ज्यांच्या घरात तिघं तीन पडद्यांवर क्रिकेट बघतात त्यांचं गणित वेगळं असणार, त्यांनी माझ्या मतातून थोडं वजा करून घ्यावं.

तांब्याला लोक उगाच नावं ठेवतात, असं मला अजूनही वाटतं. एडीएसएल २ प्लस या फोनच्या तारेवरच्या नेटच्या प्रकाराला कागदावर २४ एमबीपीएसपर्यंत मजल आहे. एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटर दूर गेलं की त्यातलं बरंच वाटेत सांडतं, अपलोड तर १ एमबीपीएसच्या आसपासच अडतं, पण लाइन निरोगी असेल तर हे नेट तक्रारीविना महिनोन्महिने चालतं. शिवाय फोनला लागणारी ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून तारेनंच येते. दिवसभर लाइट नसली तरी साधा फोन वाजतो. घरात एकटं राहणारं म्हातारं माणूस असेल तर ही गोष्ट छोटी नाही.

म्हणून दुरुस्तीचा विचार आधी करा, पण दुरुस्ती कुठली ते ठरवून. बाहेरची तार घरात पहिल्यांदा जिथं टेकते तिथं मॉडेम एकटा लावा. स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी डबी) नको, पॅरलल फोन नको, हॉलमधून बेडरूमपर्यंत खिळ्यांनी ठोकत नेलेली जुनी वायर नको. एक रात्र तसंच राहू द्या. लिंक टिकली तर दोष तुमच्या भिंतीत आहे. एक नवा स्प्लिटर आणि दोन मीटर चांगली वायर एवढ्यावर काम होतं, मग पुढचं वाचायचीही गरज नाही. लिंक तरीही जात असेल तर मॉडेमचं पान उघडा, बहुतेक मॉडेमवर ते १९२.१६८.१.१ या पत्त्यावर असतं. डाउनस्ट्रीमचं (डाउनलोडच्या बाजूचं) नॉइज मार्जिन बघा, म्हणजे सिग्नल खरखरीच्या किती वर आहे तो आकडा. ते १० डेसिबलच्या वर असेल तर लाइनला जीव आहे. ६ च्या खाली घसरत असेल तर लिंक तुटणारच. शेजारी अटेन्युएशनचा, म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण झाला त्याचा, आकडा असतो. तो ५०-५५ च्या पुढे असेल तर अंतरच जास्त आहे, आणि अंतरावर कुठल्याच लाइनमनकडे इलाज नाही.

आणखी एक साधी परीक्षा म्हणजे रिसीव्हर उचला, एक आकडा दाबून डायल टोन घालवा आणि शांतपणे ऐका. खरखर ऐकू आली तर बाहेर कुठंतरी जॉइंटला ओल लागली आहे किंवा गंज चढला आहे. आपल्याकडे त्याला कारणही भरपूर. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणजे जमिनीतली केबल आणि तिचे जॉइंट दरवर्षी ओढले-दाबले जातात. वर रस्त्याचं रुंदीकरण, पाण्याची पाइपलाइन, गटार. प्रत्येक खोदकामात केबल तुटते, घाईत जोडली जाते आणि जॉइंटची संख्या वाढते.

आता ज्या एका गोष्टीनं मी कंटाळलो ती सांगतो. ती वेगाची नव्हती आणि बिलाचीही नव्हती.

माझ्या लाइनची खोड अशी होती की फोन वाजला की नेट जायचं. फोन उचलून बोलायला लागलं की नेट परत यायचं, आणि बोलणं चालू असेपर्यंत अगदी सुरळीत चालायचं. घरच्यांना हा भुताटकीचा प्रकार वाटायचा. कारण मात्र साधं आहे. तारेच्या जॉइंटवर गंजाचा पातळ थर बसला की तिथला रोध वाढतो. एरवी तारेतून जवळपास काहीच करंट वाहत नाही, त्यामुळे तो थर तसाच आडवा राहतो आणि नेटचा नाजूक सिग्नल तिथं अडखळतो. घंटी वाजवायला एक्स्चेंजमधून ७५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त एसी येतो, त्या दणक्यानं उरलीसुरली लिंकही तुटते. रिसीव्हर उचलला की मात्र थोडा डीसी करंट सलग वाहू लागतो. तो त्या गंजातून वाट काढतो आणि तेवढ्यापुरता जॉइंट जुळून येतो.

आता लाइनमन येतो तेव्हा काय होतं बघा. तो डीपीवर (फोनच्या तारा वाटून देणाऱ्या पेटीवर) किंवा खांबावर चढतो आणि आपला टेस्टिंगचा फोन तारेला लावतो. म्हणजेच लाइनमधून करंट वाहू लागतो आणि जॉइंट बरा होतो. टोन स्वच्छ, खरखर नाही, मॉडेमवर दिवा स्थिर. डॉक्टरच्या दारात नेलं की पोराचा ताप उतरावा तसं. तो खालूनच ओरडून सांगतो, “काका, लाइन एकदम ओके आहे, तुमचा मॉडेम बघा.” मॉडेम बदलून झालेला असतो. तो माणूस खोटं बोलत नाही, कामचुकारही नाही. त्याच्या हातातल्या यंत्रानंच बिघाड लपवलेला असतो. पावसाचंही तसंच. ओल असते तेव्हा तक्रार नोंदवायची, माणूस येईपर्यंत दोन दिवस ऊन पडतं, जॉइंट वाळतो, तक्रार “दोष आढळला नाही” म्हणून बंद होते. पुढच्या सरीला पुन्हा पहिले पाढे.

बिघाड होतो याचं मला वाईट वाटलं नाही, तो कशातही होतो. पण बिघाड दाखवता येत नाही, हे सहन होईना. आपण सांगायचं आणि समोरच्यानं मान हलवायची, असे महिने जातात. तिन्ही पर्यायांकडे मी नंतर याच नजरेनं बघितलं, म्हणून माझी तुलना थोडी एकांगी आहे, हे कबूल.

गल्लीतल्या केबलवाल्याची फायबर या बाबतीत मला फार सरळ वाटली. डब्यावर दोन दिवे महत्त्वाचे, पॉन आणि एलओएस. एलओएस लाल झाला म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाश येत नाही, तार कुठंतरी तुटली किंवा दुमडली. पॉन हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, म्हणजे तुमच्या घरापर्यंतची तार ठीक आहे, गडबड त्याच्या कंट्रोल रूममध्ये किंवा त्याच्याही पुढं. फोनवर “लाल दिवा आलाय” एवढं म्हटलं की पोरगा मीटर आणि स्प्लायसिंगचं, म्हणजे तुटलेली फायबर जोडायचं, मशीन घेऊनच निघतो. मीटर लावला की येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा आकडा दिसतो. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर छान, उणे २७ च्या पलीकडे गेला तर लिंक लटपटते. हा आकडा त्यालाही दिसतो आणि मलाही. कुणी कुणाला ओके म्हणून कटवू शकत नाही.

फायबर तुटत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खांबावरून खांबावर टाकलेली ती बारीक काळी वायर लग्नाच्या वरातीतल्या डीजेच्या गाडीला अडकते, गणपतीच्या मिरवणुकीत उंच मूर्तीला अडकते, वानरं तिच्यावर झोके घेतात. मेन लाइन तुटली तर अख्खी गल्ली बंद. माझा अनुभव असा की तुटायची तेव्हा ती साफ तुटते आणि बहुतेकदा संध्याकाळपर्यंत जोडलीही जाते, कारण ज्याला जोडायची त्याचे पैसे देणारी शंभर घरं त्याच गल्लीत एकदम ओरडत असतात. तांब्याच्या लाइनवर मी एकटाच ओरडत होतो.

घेण्यापूर्वी एकच गोष्ट नीट विचारा. फायबर थेट तुमच्या घरात येणार का, की शेजारच्या गच्चीवरच्या पेटीपर्यंत फायबर आणि तिथून पुढं लॅनची वायर? अजूनही काही ठिकाणी दुसरा प्रकार चालतो. त्या पेटीत नेट वाटून देणारा स्विच असतो आणि तो शेजाऱ्याच्या लाइटवर चालतो. त्यांनी बाहेरगावी जाताना मेन स्विच बंद केला की तुमचं नेट बंद, आणि दिवे बघून काही कळायचंही नाही. पॉनच्या, म्हणजे थेट घरात येणाऱ्या फायबरच्या, जोडणीत वाटेतल्या प्रकाश वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. वीज लागते ती फक्त केबलवाल्याकडे आणि तुमच्या घरी. भारनियमनाचा बंदोबस्त सोपा आहे. १२ व्होल्टचा राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, तो ओएनटीला (घरातल्या फायबरच्या डब्याला) लावला की दोन-तीन तास निघतात. इन्व्हर्टर असेल तर तेही नको.

विजांचंही बघा. मे-जूनच्या वळवात आपल्याकडे वीज कशी कडाडते हे सांगायला नको. तांब्याच्या तारेतून तो झटका थेट मॉडेममध्ये येतो. जवळपास वीज पडली की मॉडेम गेल्याची उदाहरणं ओळखीत सापडतीलच. काच वीज वाहून नेत नाही. पण खांबावरून येणाऱ्या फायबरच्या वायरीत आधारासाठी स्टीलची तार असते. ती घराबाहेरच कापून आत फक्त फायबर न्यायला लावा. अॅडॉप्टर मात्र वादळात काढून ठेवावाच लागतो, त्यातून सुटका नाही.

तिसरा पर्याय टॉवरवरचा. ५जीचा गच्चीवर लावायचा डबा २०२३ पासून मिळायला लागला, साधा सिमकार्डचा ४जी राउटर तर त्याआधीपासून आहे. बसवायला तासभर, खोदकाम नाही, खांब नाही. शेतात आखाड्यावर राहणाऱ्यांना किंवा भाड्याच्या घरात वर्षभरच असणाऱ्यांना हाच बरा. माझ्याकडे तो काही दिवस होता. सकाळी उत्तम, रात्री आठनंतर टॉवरवर गर्दी झाली की सुस्त. लाइट जास्त वेळ गेली की टॉवरची बॅटरी संपते आणि मोबाइलही त्याच्याबरोबर जातो, म्हणजे पर्याय म्हणून ठेवलेला हॉटस्पॉटही गेला. पण माझी खरी तक्रार तीच जुनी. हळू का आहे, हे कुणालाच दाखवता येत नाही. सिग्नलच्या दांड्या पूर्ण आणि पान उघडत नाही, यावर कस्टमर केअरचं उत्तर “राउटर बंद करून चालू करा” यापलीकडे मला मिळालं नाही. तुमच्या गच्चीवरून टॉवर समोर दिसत असेल तर कदाचित तुम्हाला हा त्रास होणारही नाही.

तर माझा कल कुठं आहे हे लपलेलं नसेलच. गल्लीत चांगला केबलवाला असेल, म्हणजे ज्याचा पोरगा जवळपासच राहतो आणि ज्याच्याकडे स्प्लायसिंगचं मशीन स्वतःचं आहे, भाड्यानं आणत नाही, तर मी फायबरच घ्यायला सांगेन. दोष घराच्या आत निघाला किंवा एक्स्चेंज हाकेच्या अंतरावर असेल तर तांब्याला हात लावू नका, ते चालेल. सेलूला आमच्या दाजींकडे तसंच आहे. एक्स्चेंज गल्लीच्या तोंडाशी, लाइनवर जॉइंट मोजके, नेट वर्षानुवर्षं गपगुमान चालू. मी त्यांना बदला म्हणालो नाही.

बदलायचंच ठरलं तर फायबर मे महिन्यात घ्या आणि जुनी लाइन पहिल्या दोन-तीन पावसांपर्यंत चालू ठेवा. एखाद्या महिन्याचं भाडं जास्त जातं, पण खांबावरचं नवं काम किती पक्कं आहे ते वळवातच कळतं. जुना नंबर ठेवायचा असेल तर त्याच कंपनीच्या फायबरवर तो नेता येतो का, हे लाइन बंद करण्याचा अर्ज देण्याआधी विचारा. अर्ज दिल्यावर विचारून उपयोग नसतो. मॉडेम भाड्याचा असेल तर परत करताना सही-शिक्क्याची पोच घ्या, अनामतीचे पैसे त्याच कागदावर मिळतात. आणि पोच हातात पडली की भिंतीतून आत आलेली तांब्याची वायर बाहेरच्या बाजूनं कापून टाका. नुसती लोंबकळत ठेवली तरी पुढच्या वळवात वीज घरात आणायला ती पुरेशी आहे.