शिफ्टर निर्दोष आहेत, आधी हँगर तपासा

‘जुन्या फ्रेमवर नवे शिफ्टर म्हटले की एवढं चालायचंच,’ हे वर्कशॉपमध्ये पुन्हा एकदा ऐकवलं गेलं, तेव्हा मी वाद थांबवला आणि सायकल घरी आणली. शिफ्टर म्हणजे गिअर बदलायचे लिव्हर. प्रत्येक फेरीत तेच होत होतं. केबल बदलायची, आउटर (केबलवरची वेष्टनं) बदलायचे, बिल द्यायचं आणि थोडं अंतर चालवलं की गिअर परत कुरकुरायला लागायचे. लहान स्प्रॉकेटांपाशी (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांपाशी) जुळवलं की मोठ्यांपाशी बिघडायचं, मोठ्यांपाशी जुळवलं की लहानांवर चेन अडखळायची. त्या काळात मला कोणी विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं की जुन्या सायकलवर ब्रेक-लिव्हरमधल्या शिफ्टरचा खर्च करू नका, डाउनट्यूबवरचे, म्हणजे फ्रेमच्या तिरप्या खालच्या नळीवरचे, जुने लिव्हर बरे. आज माझं मत उलटं आहे. मधल्या काळात शिफ्टर तेच राहिले, चेन एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर ढकलणारा डेरेलर तोच राहिला. सरळ झाला तो मागच्या ड्रॉपआउटला, म्हणजे मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो तिला, खाली लोंबणारा, फ्रेमचाच भाग असलेला लोखंडाचा बोटभर तुकडा, म्हणजे डेरेलर ज्यावर बसतो तो हँगर.

फ्रेम ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची आहे. क्रोमोली स्टील, नळ्यांच्या सांध्यांवर लग (धातूच्या बाह्या) लावून जोडलेली, मागच्या ड्रॉपआउटमध्ये १२६ मिलिमीटर अंतर आणि सहा स्प्रॉकेटचं फ्रीव्हील. शिफ्टर फ्रिक्शनचे, म्हणजे खटका नाही, हाताच्या अंदाजाने ओढायचं आणि कानाने ऐकायचं. नवे लावताना मी मुद्दाम नऊ-स्पीड घेतले. दहा-अकराची हौस मला नाही, कारण गिअर वाढतात तशी चेन बारीक होत जाते, कॅसेट (मागच्या स्प्रॉकेटांचा संच) महाग होते आणि स्प्रॉकेटांमधलं अंतर घटून चुकीला जागा उरत नाही. सात-स्पीडला हे अंतर ५ मिलिमीटर असतं, नऊला ४.३५, दहाला ३.९५. जुन्या फ्रेमला नऊपर्यंतचा काटेकोरपणा पेलतो आणि पैसेही वाचतात, असा माझा हिशेब होता. तो अजूनही तसाच आहे.

१२६ मधून १३० मिलिमीटरच्या हबचं चाक बसवायचं म्हणजे प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर. बरेच जण हाताने ड्रॉपआउट फाकवून चाक दामटतात आणि तसंच चालवतात. स्टील तेवढं सहन करतं. मला मात्र दर पंक्चरला ती झटापट नको होती, म्हणून वर्कशॉपकडून फ्रेम थंड अवस्थेतच वाकवून कायमची रुंद करून घेतली. हे फक्त स्टीलवर करायचं असतं, अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनवर कधीच नाही. रुंद झाल्यावर एका ड्रॉपआउटपासून हेडट्यूबला (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणायचा आणि सीटट्यूबपासून (सीटखालच्या नळीपासून) दोन्हीकडचं अंतर मोजायचं. दोन्ही मापं सारखी आली तर फ्रेम मधोमध आहे. हे त्यांनी माझ्यासमोर केलं आणि चोख केलं. त्यापुढच्या दोन गोष्टी मात्र केल्याच नाहीत: ड्रॉपआउट परत एकमेकांना समांतर करणं आणि हँगर सरळ आहे का ते पाहणं.

लोक शिफ्टरची तुलना करत बसतात आणि हँगरकडे कोणी पाहत नाही, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते. शिमानो कंपनीने ड्युरा-एस या शर्यतीच्या संचामध्ये खटक्याचे गिअर आणले ते १९८४ साली. माझी फ्रेम त्याआधीची. तेव्हाच्या सायकलीचा हँगर थोडा वाकडा असला तरी चालवणाऱ्याला कळायचंही नाही, कारण हात आपोआप चूक भरून काढायचा. लिव्हर केसभर पुढे, केसभर मागे, आवाज थांबला की झालं. शिवाय जुन्या सहा-स्पीडच्या स्प्रॉकेटांत साडेपाच मिलिमीटरच्या आसपास अंतर होतं. खटक्याचा शिफ्टर मात्र प्रत्येक वेळी ठरावीकच केबल ओढतो. पुढची जबाबदारी डेरेलरची, आणि डेरेलर ज्या पायावर उभा आहे तो पाया म्हणजे हँगर.

आता तो पाया एक अंशाने आत झुकलेला आहे असं धरा. हँगरच्या सहा सेंटिमीटर खाली असलेली गाइड पुली, म्हणजे चेनला स्प्रॉकेटवर नेणारं डेरेलरचं छोटं चाक, जवळपास एक मिलिमीटर बाजूला जाते. एवढाच स्थिर फरक असता तर केबलच्या अ‍ॅडजस्टरने तो भरून निघाला असता. पण मोठ्या स्प्रॉकेटकडे जाताना डेरेलर आडवा सरकतो तसा खालीही जातो. हँगरपासून पुलीचं अंतर वाढतं आणि चूकही वाढत जाते. म्हणून एका टोकाला जुळलेलं दुसऱ्या टोकाला बिघडतं. माझ्या सायकलची नेमकी हीच तक्रार होती आणि ती ऐकल्यावर कोणत्याही मेकॅनिकचा हात आधी हँगरकडे जायला हवा होता. केबल बदलून हे दुखणं जाणार नव्हतं. त्या केबलांचे पैसे मला अजून खटकतात. गाइड पुलीला बाजूला हलायला थोडी मोकळीक ठेवलेली असते, त्यामुळे अगदी बारीक फरक ती स्वतः पचवते. पण तिचीही मर्यादा आहे.

शेवटी हँगरचं गेज विकत घेतलं. वर्कशॉपच्या पुढच्या बिलापेक्षा ते स्वस्त पडलं. डेरेलर काढायचा, हँगरच्या आट्यांत गेज फिरवून बसवायचं आणि त्याच्या लांब दांड्याचं टोक रिमच्या कडेशी वर, खाली, पुढे, मागे अशा चार ठिकाणी ताडून पाहायचं. चाकाला आउट असेल, म्हणजे रिम डगमगत असेल, तर माप फसवतं, म्हणून रिमवरचा एकच बिंदू, मी व्हॉल्व्हजवळचा घेते, चाक फिरवून प्रत्येक ठिकाणी आणायचा. एक अंशाचा कल म्हणजे रिमच्या वरच्या आणि खालच्या टोकांच्या मापात सुमारे अकरा मिलिमीटरचा फरक, त्यामुळे डोळ्याला न दिसणारी चूक इथे ढळढळीत दिसते. माझा हँगर खालून आत झुकलेला होता, बहुधा कधीतरी सायकल उजव्या अंगावर पडली असेल. त्यात फ्रेम रुंद केल्याने ड्रॉपआउट किंचित तिरके झाले होते, म्हणजे पुढच्या-मागच्या मापातही फरक होता. आधी ड्रॉपआउट समांतर करून घेतले, कारण तो पाया वाकडा असेल तर हँगरचं मापच खोटं येतं. मग गेजच्याच दांड्याने थोडं ओढायचं, परत मोजायचं, परत थोडं ओढायचं. जुनं स्टील याला फार समजूतदार आहे. आजच्या सायकलींवर अ‍ॅल्युमिनियमचा वेगळा हँगर असतो, तो वाकला की बदलतात. या फ्रेमला तो तोडगा नाही आणि गरजही नाही.

त्यानंतर पहिल्यांदा सायकल बाहेर काढली, तेव्हा मला अतिशय आनंद झाला. नऊच्या नऊ गिअर वर आणि खाली, एका बोटाच्या दाबात, कुरकुर न करता. ज्यांनी आयुष्यभर हात हँडलवरून काढून डाउनट्यूबपर्यंत नेला आहे त्यांना यातलं सुख सांगायला नको. चढावर सीटवरून उठून पॅडल मारतानाही गिअर बदलता येतो. वळणाआधी ब्रेक दाबतानाच हलका गिअर घेता येतो, वळणातून बाहेर पडताना पाय अडत नाहीत. खड्ड्यांच्या रस्त्यावर दोन्ही हात हँडलवर राहतात, आणि माझ्या मते या बदलाचं सर्वांत मोठं कारण तेच असायला हवं. शिमानोने ब्रेक आणि गिअर एका लिव्हरमध्ये १९९० साली आणले, कॅम्पॅन्योलोने १९९२ साली, आणि शर्यतीतल्या सायकलींवरून डाउनट्यूबचे लिव्हर पाहता पाहता का नाहीसे झाले ते चढावर पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

ब्रेकबाबत मात्र माझं मत दुसऱ्या बाजूला बदललं. सुरुवातीला मी जुने एका पिव्हटचे (एकाच खिळीवर फिरणारे) साइडपुल ब्रेक तसेच ठेवले होते आणि ओळखीच्या सगळ्यांना ‘ब्रेक बदलायची गरज नाही, नवे पॅड घाला’ असं सांगत होते. सपाटीवर ते खरंही होतं. लांब उतारावर लिव्हर टणक लागायचा आणि सायकल थांबायला वेळ घ्यायची. कारण साधं आहे. अलीकडचे लिव्हर जुन्यांपेक्षा जास्त केबल ओढतात, म्हणजे तेवढ्याच दाबात जोर कमी मिळतो. नवे ब्रेक त्या हिशेबाने बनवलेले असतात, जुने नसतात. हाताला लिव्हर घट्ट लागतो म्हणून ब्रेक चांगला आहे असं वाटतं, आणि तिथेच धोका आहे. मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांना फोन करून हे कळवलं.

नव्यांमध्ये ४७ ते ५७ मिलिमीटर पोहोच (बोल्टपासून पॅडपर्यंतचं अंतर) असलेले दुहेरी पिव्हटचे ब्रेक घेतले. २७ इंची चाकांच्या फ्रेमवर ७००सीची चाकं घालणार असाल तर रिम ६३० ऐवजी ६२२ मिलिमीटरची होते, पॅड चार मिलिमीटर खाली न्यावे लागतात, तेव्हा आधी फूटपट्टीने मोजा आणि मगच खरेदी करा. जुन्या फ्रेमला बाहेरून नट लागतो, नव्या ब्रेकना आत बसणारा लांबट नट. मागे ड्रिल लावायची माझी इच्छा नव्हती. पुढच्या ब्रेकचा बोल्ट लांब असतो, म्हणून पुढचा ब्रेक मागे लावून साध्या नटाने आवळला आणि मागचा पुढे घेतला. पुढे चिमट्याच्या माथ्याचं फक्त मागच्या बाजूचं भोक आठ मिलिमीटरचं करावं लागलं. पुढच्या बाजूचं भोक मोठं करू देऊ नका.

हँडलचं थोडक्यात. नव्या लिव्हरचं अंग लांब असतं आणि जुन्या फ्रेमची वरची नळी बहुधा लांबच असते, त्यामुळे हात आणखी पुढे जातात. काही दिवस मान आणि खांदे दुखले. आखूड क्विल स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा दांडा) घेतला, २२.२ मिलिमीटरचा, आणि दुखणं गेलं. जुन्या गोल वळणाच्या हँडलवर नवे लिव्हर उतरते बसतात, पण मी हँडल बदललं नाही. ते मजबूत आहे आणि एक खर्च वाचला.

डावा शिफ्टर मी जोडलेलाच नाही. पुढचा डेरेलर अजून डाउनट्यूबवरच्या जुन्या फ्रिक्शन लिव्हरवर चालतो. जुन्या क्रँकच्या (पॅडलच्या दांड्यांना जोडलेल्या) चकत्यांना चेन वर चढवणारे खाचे नसतात, त्या एकमेकींपासून जरा दूर असतात, आणि नऊ-स्पीडची बारीक चेन मध्ये अडकू पाहते. फ्रिक्शनवर ते हाताने सावरता येतं, चेन घासली तर केसभर सरकवता येतं. मला शिफ्टर जोडीनेच मिळाले म्हणून डाव्याच्या गिअरचे पैसे विनाकारण गेले, याची चुटपुट आहे. पण पुढचा गिअर दिवसातून फार थोड्या वेळा बदलतो. त्यासाठी क्रँक, चकत्या आणि डेरेलर बदलायला मी तयार नाही. उजव्या बाजूला जुन्या लिव्हरच्या जागी अ‍ॅडजस्टर असलेला केबल स्टॉप बसवला, चालवता चालवता बोटाने फिरवून गिअर जुळवता येतो. हँगर सरळ झाल्यापासून त्याला हात लावावा लागलेला नाही.

एक गोष्ट जुन्या लिव्हरची सर यांना कधीच येणार नाही. डाउनट्यूबचा लिव्हर एका स्क्रूने उघडतो, पुसून परत लावता येतो, तो पिढ्यान् पिढ्या चालतो. या शिफ्टरच्या आतलं यंत्र घरी उघडायचं नसतं. वापर नसला की आतलं ग्रीस घट्ट होऊन खटका पकडेनासा होतो, तेव्हा पातळ तेलाने धुऊन बघणं एवढंच हातात उरतं.

हँडलवरच्या टेपखालून जाणारी गिअर केबल लिव्हरच्या आत आवळून वळते आणि तिथेच तिची एकेक तार तुटते, बाहेरून काही दिसत नाही. आतच तुटली तर तुकडा काढताना लिव्हरच जायचा. म्हणून मी ती तुटायची वाट पाहणार नाही. गिअर जड लागायला लागला, किंवा नीट चालणारे गिअर अचानक बिघडले, की आधी रबरी हूड उचलून केबलचं डोकं बघायचं. माझी आता बदलायला आली आहे. नवी केबल आणि आउटर आणून ठेवलेत, आणि या वेळी वर्कशॉपमध्ये जायची गरज नाही.