अनाडी माणसाचा सूड: ‘ब्लू रुइन’ आणि त्यावर वैतागणारे प्रेक्षक

बारच्या स्वच्छतागृहात खून पाडून एक माणूस धावत बाहेर येतो. कुणी मागे लागू नये म्हणून समोरच्या लिमोझिनच्या टायरमध्ये सुरा खुपसतो. मूठ घसरते आणि पातं त्याच्याच तळव्यात घुसतं. रक्ताळलेला हात घेऊन तो आपल्या गाडीकडे पळतो, खिसे चाचपतो. किल्ली नाही. आतल्या झटापटीत पडली. आता पळायला एकच गाडी उरली आहे: तीच लिमोझिन, जिचं टायर त्याने आत्ता फाडलं.

‘ब्लू रुइन’ बघणाऱ्यांची इथे सरळ दोन गटांत वाटणी होते. एक गट हसतो, लगेच त्या हसण्याला चपापतो आणि पुढे सरकून बसतो. दुसरा म्हणतो, ‘असा कसा येडा हिरो?’ आणि रिमोट शोधायला लागतो. समीक्षकांकडून या सिनेमाला नव्वद टक्क्यांच्या वर पसंती मिळाली, सामान्य प्रेक्षकांचा आकडा मात्र त्याच्या बराच खाली राहिला. या फरकाचं मूळ जवळपास सगळं त्या हरवलेल्या किल्लीत आहे.

आधी व्यवहाराचं बोलू. हा 2013 चा अमेरिकन सिनेमा, लांबी दीड तास. लेखक, दिग्दर्शक आणि छायाचित्रकार एकच, जेरेमी सॉल्निये. नायक ड्वाइटचं काम करणारा मेकन ब्लेअर हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. एकूण खर्च सुमारे 4 लाख 20 हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अडीच कोटी रुपयांच्या आसपास. त्यातला थोडा भाग किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून आला. मागितले होते 35 हजार डॉलर, मिळाले त्याहून थोडे जास्त. उरलेल्यासाठी दिग्दर्शकाच्या घरातली निवृत्तीची पुंजी मोडली गेली आणि क्रेडिट कार्डं घासली गेली. सिनेमा 2013 च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात दाखवला गेला आणि त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा पुरस्कार मिळाला. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत 2014 साली त्याने कमावले जेमतेम अडीच लाख डॉलर. म्हणजे बहुतेकांनी तो घरी, छोट्या पडद्यावर पाहिलाय, आणि प्रतिक्रियांमध्ये याचाही वाटा आहे. त्यावर शेवटी येतो.

कथा एका ओळीची. आईवडिलांचा खून करणारा तुरुंगातून सुटणार हे कळल्यावर समुद्रकिनाऱ्यावर गंजक्या निळ्या पॉन्टियॅक गाडीत राहणारा एक दाढीवाला बेघर माणूस व्हर्जिनियातल्या आपल्या गावाकडे निघतो. सूड कथेच्या शेवटी उगवेल असं वाटत असतानाच तो पहिल्या अर्ध्या तासाच्या आत उरकतो. पुढचा तासभर त्याची परतफेड चालते. (इथून पुढे कथेतले बरेच तपशील येतील. शेवट सांगणार नाही.)

पहिली तक्रार: ‘सुरुवातीला काही घडतच नाही.’ जवळजवळ कुणी बोलत नाही, हे खरं. पण घडतं बरंच. ड्वाइट दुसऱ्याच्या घरातल्या टबात आंघोळ करत असतो, घरची माणसं परतल्याची चाहूल लागते आणि तो खिडकीतून उडी टाकून पळतो. कचऱ्याच्या पिशव्यांतून खाणं काढतो, गाडीत निजतो. पोलीस ठाण्यातली बाई त्याला हाताला धरून आत नेते, खुर्चीवर बसवते आणि मग बातमी सांगते. या माणसाला तिथे सगळे ओळखतात, कुणी घाबरत नाही, उलट जपतात. हे संवादात कुठेही येत नाही, तिच्या आवाजातल्या हळुवारपणावरून कळतं. मग गाडीला बॅटरी बसते, वर्षानुवर्षं जागेवर असलेलं धूड घरघर करत हलतं आणि प्रवास सुरू होतो. ज्याला नायकाची ओळख पार्श्वसंगीत आणि संथ चालीच्या एंट्रीतून हवी असते, त्याला ही वीस मिनिटं रिकामी वाटणारच.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी, ती बावळटपणाची. इथे थोडं थांबायला हवं, कारण या सिनेमाची पटकथा म्हणजे चुकांची साखळी आहे आणि तिची प्रत्येक कडी तपासून बघता येते.

बंदुकीपासून सुरू करा. विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून ड्वाइट एका गाडीतून पिस्तूल चोरतो. त्याला ट्रिगर लॉक लावलेलं असतं. हे कुलूप दोन तुकड्यांचं असतं. ते चापाभोवतीच्या कड्याच्या दोन्ही बाजूंनी येतं आणि आतल्या दांड्याने एकमेकांत आवळलं जातं. किल्लीशिवाय काढायचं तर धीराने कापावं लागतं. हातोड्याने ठोकलं की घाव कुलपापेक्षा चापाच्या नाजूक यंत्रणेला आधी बसतो. ड्वाइट ठोकतो. पिस्तूल निकामी होतं. दुसऱ्या एखाद्या सिनेमात हाच प्रसंग दोन सेकंदांत ‘खट्’ करून सुटला असता. इथे त्या अपयशामुळे सूड सुऱ्याने घ्यावा लागतो. सुरा म्हणजे जवळून, म्हणजे झटापट, म्हणजे किल्ली पडणं, म्हणजे गाडी मागे राहणं. गाडी मागे राहिली की तिच्या नोंदीवरचा पत्ता शत्रूच्या हाती लागतो, आणि त्या पत्त्यावर बहीण आपल्या दोन लेकरांसह राहते. एका कुलपाने उरलेला सिनेमा लिहिला.

टायरचंही तसंच. टायरच्या बाजूच्या भिंतीत रबराखाली धाग्यांचे थर असतात. पातं अडकतं, पण हाताचा जोर थांबत नाही. मुठीला आडवी पट्टी नसलेला सुरा रक्ताने निसरडा झाला असेल तर बोटं पुढे सरकून पात्यावर येणारच. मटण कापणाऱ्या कुणालाही विचारा. सॉल्निये हे समजावून सांगत नाही, तळवा दाखवतो आणि पुढे जातो.

आणि ड्वाइटच्या मांडीत घुसलेला बाण. तो क्रॉसबोचा, म्हणजे चाप ओढून सोडायच्या आडव्या धनुष्याचा असतो. ड्वाइट दुकानातून सामान आणतो आणि सिनेमात शेकडो वेळा दिसलेला तो ‘स्वतःच स्वतःचं ऑपरेशन’ प्रसंग सुरू होतो. दांडा कापून झाला, आता ओढायचं. ओढवत नाही. कळ डोळ्यांत उतरते आणि पुढच्या दृश्यात तो रुग्णालयाच्या दारात कोसळलेला असतो. खुपसलेली वस्तू जागच्या जागी रक्तस्राव थोपवून धरत असते, म्हणून ती उपटायची नाही, स्थिर ठेवून डॉक्टरकडे जायचं, हा प्रथमोपचाराचा पहिलाच धडा. मोठ्या बजेटचे नायक तो धडा वर्षानुवर्षं मोडत आले आहेत आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. इथे बिघडतं. प्रेक्षकांत सगळ्यात मोठं हसू याच ठिकाणी फुटतं, आणि ते सुटकेचं असतं.

म्हणून ‘हिरो बावळट आहे’ हे वाक्य ज्यांनी तक्रार म्हणून लिहिलं, त्यांनी सिनेमा नीट पाहिला आहे असंच म्हणावं लागेल. फक्त त्यांना तो दोष वाटला. ड्वाइटला चाकू धरता येत नाही, नेम धरता येत नाही, धमकी देता येत नाही. दाढी उतरवल्यावर तर तो बँकेत काउंटरवर बसणाऱ्या कारकुनासारखा दिसतो. मेकन ब्लेअरच्या ओलसर, सतत माफी मागणाऱ्या डोळ्यांमुळे हे पटतं. नावाजलेला नट घेतला असता तर तो शेवटी सगळं निभावून नेणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. स्टार परवडत नव्हता, त्यातून हा फायदा झाला.

तिसरी तक्रार: ‘पोलीस कुठे आहेत?’ बहीण-भावाचा खानावळीतला प्रसंग फोन बघत घालवला तर हा प्रश्न पडतोच. खुनाची बातमी कुठेच नाही, याचा अर्थ मेलेल्या माणसाच्या घराण्याने पोलिसांना कळवलेलंच नाही, ते घरातल्या घरात हिशोब करणार आहेत, एवढं ड्वाइट एका वाक्यात सांगून टाकतो. आपल्याकडे बांधाच्या भांडणातून दोन-तीन पिढ्यांचं वैर चालवणाऱ्या भाऊबंदक्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे तर्कशास्त्र वेगळं समजावण्याची गरज नाही. याच प्रसंगात बहीण आधी गहिवरते आणि मग तिला कळतं की याने बदला घेऊन आपल्या मुलांच्या जिवावर बेतवलंय. चेहऱ्यावरचा तो बदल हे सिनेमातलं सर्वोत्तम अभिनयाचं मिनिट आहे, आणि प्रतिक्रियांमध्ये त्याचा उल्लेख फार कमी सापडतो.

आता जिथे प्रेक्षक बरोबर आहेत ते. ड्वाइटचा शाळेतला मित्र बेन कथेत फार सोयीने येतो. गावाबाहेर एकटा राहतो, घरात बंदुकांचा साठा, चालवण्यात तरबेज, आणि फारसे प्रश्न न विचारता मदत करतो. डेव्हिन रॅट्रेने तो इतका मजेत रंगवलाय की बघताना खटकत नाही. नंतर चहा पिताना खटकतो. दुसरं, बाणाने फाटलेली मांडी घेऊन माणूस रुग्णालयातून निसटतो आणि पुढच्या कामाला लागतो. लंगडतो, पण हव्या तेव्हा लंगडणं कमी होतं. बाकी सगळीकडे शरीराचे नियम इतके काटेकोर पाळणाऱ्या सिनेमात ही सूट डोळ्यांत भरते. तिसरं, आईवडिलांच्या खुनामागची खरी हकीकत गाडीच्या डिकीत कोंडलेला माणूस तोंडाने सांगतो. इतका वेळ कृतीतून बोलणाऱ्या सिनेमाने सगळ्यात महत्त्वाची माहिती भाषणात का द्यावी? पैसा नव्हता हे कारण इथे चालणार नाही.

पैशाचं कारण कुठे चालतं ते मात्र बघण्यासारखं आहे. पात्रं मोजकी, बहुतेक प्रसंगांत एक किंवा दोनच माणसं. जागा हाताशी असलेल्या, त्यात दिग्दर्शकाच्या आप्तांची घरं, आणि पटकथाच त्या धरून रचलेली. संगीत मेकन ब्लेअरच्या दोन भावांचं. कॅमेरा कॅननचा सी-300, तेव्हा नुकताच बाजारात आलेला. कमी उजेडातही चित्र फारसं फुटू न देणं ही त्याची खासियत. त्यामुळे रात्रीच्या प्रसंगांना मोठमोठे दिवे आणि ते वाहणारी माणसं लागली नाहीत. बहिणीच्या घरातला वेढ्याचा प्रसंग बघा: काळोखाच्या मोठ्या पट्ट्या तशाच ठेवल्यात, आणि कोण कुठून येईल हे ड्वाइटइतकंच आपल्यालाही दिसत नाही. वाचवलेला पैसा जखमांच्या मेकअपवर आणि गाड्यांवर गेला असावा, असं पडद्यावर दिसतं. शॉर्टफिल्म करणाऱ्यांनी दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद ठेवून बघावा. दर प्रसंगात कॅमेरा किती वेळा जागा बदलतो ते मोजलं की बजेट कसं राखलं हे आपोआप कळेल.

घरी बघणाऱ्यांसाठी थोड्या सूचना, कारण निम्म्या तक्रारी टीव्हीने निर्माण केलेल्या आहेत. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसतं. दिवसा खिडकीसमोर बघू नका, काळोखाचे प्रसंग नुसते काळे दिसतील. ड्वाइट पुटपुटतो आणि बाकीच्यांचे उच्चार व्हर्जिनियाच्या ग्रामीण वळणाचे आहेत, तेव्हा इंग्रजी सबटायटल्स लावाच. आवाज मात्र कुजबुजीच्या मानाने वाढवून ठेवू नका. बंदूक फार थोड्या वेळा उडते, पण उडते तेव्हा कानठळ्या बसवते, आणि शेजारी झोपलेले असतात.

हिंसा किती? प्रसंग मोजून चार-पाच, पण कॅमेरा मान फिरवत नाही. स्वच्छतागृहातला खून, बाण आणि बेनच्या रानातली एक गोळी, ही तीन ठिकाणं नाजूक मनाच्या माणसाला आधी सांगून ठेवावी अशी. मुलांसोबत बघायचा नाहीच. जेवताना तर अजिबात नाही.

कुणी बघावा? पोलिस तपासाची कोडी आवडणाऱ्याच्या हाती इथे काही लागणार नाही, कारण तपासच नाही. खलनायकाला चोपून काढण्याचं समाधान हवं असेल तर पैसे आणि दीड तास दोन्ही वाया जातील. मात्र एखादं साधं काम, उदाहरणार्थ गळका नळ, स्वतः दुरुस्त करायला घेऊन ज्याने घरभर पाणी करून ठेवलंय, त्याला ड्वाइट पहिल्या पंधरा मिनिटांत ओळखीचा वाटेल. पुढे सॉल्नियेच्या हाती मोठं बजेट आलं, ब्लेअरही दिग्दर्शक झाला आणि त्याच्या पहिल्याच सिनेमाला 2017 साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या कुठल्याही सिनेमात एका किल्लीवर इतकं काही टांगलेलं नाही. शेवटच्या पाच मिनिटांत किल्लीचा विषय पुन्हा निघतो, तेव्हा नावं वर सरकायला लागेपर्यंत उठू नका.