परदेशातली लांबची सायकल सहल: रेल्वे आणि औषधोपचाराचे पर्याय शेजारीशेजारी

दोन-तीन महिने परदेशात सायकलवर फिरायचं ठरलं की रेल्वेचा विचार मार्ग आखताना होतो आणि दवाखान्याचा विमा काढताना. हे दोन्ही एकत्रच ठरवावेत, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. आधी ठरवून पकडलेली गाडी फारशी त्रास देत नाही. त्रास देते ती अचानक पकडावी लागणारी. ताप चढलाय, जुलाब थांबत नाहीत, किंवा पडून कॉलरबोन मोडलंय आणि बरं इस्पितळ ८० किलोमीटरवर आहे. म्हणून खालचे पर्याय तपासताना प्रश्न एकच धरला आहे: अंगात त्राण नसताना, एका हाताने, अनोळखी स्टेशनावर हे जमेल का?

अख्खी सायकल की बॅगेतली सायकल

अख्खी सायकल गाडीत चढवायची सोय मध्य युरोपात सगळ्यात चांगली. जर्मनीत आरई, आरबी आणि एस-बान या प्रादेशिक गाड्यांना सायकलचं आरक्षण सहसा लागत नाही. सायकलचं तिकीट मात्र बहुतेक ठिकाणी वेगळं काढावं लागतं. आरक्षण नाही म्हणजे जागेची हमीही नाही: डबा भरला असेल तर कंडक्टर नाही म्हणू शकतो, आणि व्हीलचेअर व बाबागाडीला आधी जागा मिळते. आयसी आणि आयसीई या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलचं आरक्षण सक्तीचं आहे. आयसीई ४ सारख्या लांबलचक गाडीतही सायकलींना जागा आठच, त्यामुळे उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लवकर संपतात. स्वित्झर्लंडमध्ये इंटरसिटीला २१ मार्च ते ३१ ऑक्टोबर आरक्षण लागतं. नेदरलँड्समध्ये आरक्षणाची भानगड नाही, पण कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा अख्खी सायकल गाडीत घेता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ही बंदी उठते.

युरोपीय संघाच्या २०२१ च्या प्रवासी हक्क नियमावलीत नव्या किंवा मोठी दुरुस्ती झालेल्या गाड्यांत सायकलींसाठी सर्वसाधारणपणे किमान चार जागा असाव्यात, असं कलम आहे. ते जून २०२५ पासून लागू झालं. जुने डबे मात्र अजून बरीच वर्षं धावणार आहेत, आणि अडचण नेमकी तिथेच येते.

सामानासकट टूरिंग सायकल सहज ३० ते ३५ किलो भरते. जुन्या डब्याला अरुंद दार आणि दोन-तीन उंच पायऱ्या. म्हणून गाडी दिसायच्या आधीच पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना अडकवलेल्या बॅगा) उतरवा. मागचे दोन पट्ट्याने एकत्र बांधून खांद्यावर घ्या, सायकल आधी चढवा आणि पुढचे दोन दुसऱ्या फेरीत. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, तेव्हा सायकलचा डबा फलाटावर कुठे येणार हे डबा-क्रमाच्या पाटीवर आधी पाहून तिथेच उभं राहायचं. पासपोर्ट, पैसे, फोन आणि औषधं हँडलबार बॅगेत, आणि ती बॅग अंगावर. मागे राहिलं तर दोन पॅनिअर राहतील, पासपोर्ट राहणार नाही. काही गाड्यांत सायकल हुकवर उभी टांगतात. तिथे जाड टायर किंवा लांब मडगार्ड अडतं, शिवाय बाटल्या आणि पंप खाली पडतात; ते आधीच काढून ठेवलेले बरे.

सगळ्यात मोठा दगा देते ती पर्यायी बस. रुळांचं काम चालू असलं की मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस सोडतात, आणि तीत सायकल घेतीलच असं नाही, बहुतेकदा घेत नाहीत. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी ॲपवर मार्ग पुन्हा बघावा.

बॅगेतली सायकल हा दुसरा मार्ग. जपानमध्ये बहुतेक गाड्यांत तोच एक मार्ग आहे. तिथे सायकल रिंको बॅगेत (खोललेली सायकल न्यायच्या बॅगेत) पूर्ण झाकलेली लागते. सीट किंवा चाक बाहेर डोकावलेलं चालत नाही. जेआरची (जपानच्या मुख्य रेल्वे कंपन्यांची) मर्यादा अशी: लांबी, रुंदी, उंची मिळून २५० सेंटिमीटर, कोणतीही बाजू २ मीटरपेक्षा जास्त नाही, वजन ३० किलोपर्यंत. या मर्यादेत सायकलचं वेगळं भाडं नाही. शिंकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये शेवटच्या रांगेमागे बॅग उभी राहते, तेव्हा तिकीट काढतानाच ती रांग मागावी. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीत अख्ख्या सायकलीची सोय ठरावीक गाड्यांतच आणि आरक्षणानेच. ती नसेल तिथे बॅग कामाला येते. बॅगेचा मोठा फायदा हाच: सायकलची जागा संपली असली तरी ती सामान म्हणून चढते. स्वित्झर्लंडमध्येही बॅगेतली सायकल हातातलं सामान समजून फुकट जाते.

सायकल खोलण्याचा क्रम ठरलेला असावा. चेन मागच्या सगळ्यात लहान कॉगवर (दातेरी चकतीवर) आणायची, मग दोन्ही चाकं काढायची. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या मध्ये लगेच स्पेसर किंवा घडी केलेला पुठ्ठा घालायचा. तो नसताना चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि उतरल्यावर रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत जात नाही. मग टायर लिव्हरने पॅड मागे सारत बसावं लागतं. मागचा डिरेलर (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने हँगरवरून (फ्रेमला तो धरणाऱ्या पट्टीवरून) सोडवून, फडक्यात गुंडाळून, झिप टायने फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधायचा. गाडीत बॅग कलंडली की सगळ्यात आधी हँगर वाकतो, आणि वाकलेल्या हँगरवर चेन सगळ्यात मोठ्या कॉगवर नेली की डिरेलर स्पोकमध्ये घुसू शकतो. सुटा हँगर जवळ हवाच, तो आपल्याच फ्रेमचा. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे थकलेल्या डोक्याला आठवत नाही. डाव्या क्रँकवर बाणाची खूण करून ठेवा. शेवटी चाकं फ्रेमच्या दोन्ही बाजूंना तीन ठिकाणी पट्ट्यांनी आवळायची, म्हणजे बॅगेत काही हलत नाही.

सरावाने हे २० मिनिटांत होतं. मडगार्ड आणि पुढचं कॅरिअर असेल तर ४० मिनिटं धरा. काम स्टेशनाबाहेर भिंतीच्या कडेला करायचं, वाटेत नाही. मग १४ किलोची बॅग एका खांद्यावर आणि चार पॅनिअर दुसऱ्या हातात घेऊन जिने चढायचे.

आता मूळ प्रश्नाकडे. बॅगेला दोन धड हात आणि धड पाठ लागते. कॉलरबोन मोडलेल्या माणसाला ती जमणार नाही. अख्खी सायकल एका हाताने ढकलता येते आणि सपाट दाराच्या गाडीत चढवताही येते. म्हणून जिथे दोन्ही शक्य आहे तिथे आम्ही अख्खी सायकल आणि प्रादेशिक गाडी निवडू, जरी प्रवास दुप्पट वेळ खाईल. बॅगेवर विसंबणाऱ्याने सायकल सोडून जायची तयारी आधीच करावी: मुक्कामाच्या ठिकाणी किंवा सायकलच्या दुकानात ठेवायची आणि नंतर कुरिअरने मागवायची. घडीची सायकल या सगळ्यातून सुटते, पण तिचं लहान चाक खराब रस्त्यावर रोज त्याची किंमत वसूल करतं. दर तीन-चार दिवसांनी गाडी पकडायची असेल तरच ती घ्या. ई-बाइकवाल्यांसाठी एक वेगळी सूचना: १६० वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, म्हणून बॅटरी तिथेच भाड्याने मिळेल का ते आधी पाहा. गाडीत चढवण्यापूर्वी बॅटरी काढली की तीनेक किलो कमी होतात.

विमा, तिथली सरकारी सोय की स्वतःचा खिसा

सरकारी सोयीवर किती विसंबायचं, हे देश पाहून ठरवावं लागतं, आणि दुखणं कोणतं यावरही. न्यूझीलंडमध्ये अपघाताच्या दुखापतीचा उपचार एसीसी या सरकारी अपघात योजनेत परदेशी पाहुण्यालाही मिळतो, पण आजारपण त्यात बसत नाही आणि मायदेशी परत न्यायचा खर्चही नाही. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातला उपचार सगळ्यांना मोफत, दाखल करून घेतलं की पाहुण्याला बिल लागू होतं. जपानमध्ये रुग्णवाहिका फुकट येते, इस्पितळाचं बिल मात्र भरावं लागतं. अमेरिकेत रुग्णवाहिकेचंही बिल येतं, आणि तिथे विम्याशिवाय सायकल चालवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. युरोपीय आरोग्य कार्ड असणाऱ्यांनीही एवढं लक्षात ठेवावं की डोंगरातून सुटका आणि मायदेशी नेणं त्यात येत नाही.

खिशातून भरायचं ते किरकोळ काम: खरचटणं, जुलाब, सीटमुळे झालेलं गळू. ही बिलं बहुतेकदा पॉलिसीच्या डिडक्टिबलपेक्षा (दाव्यातली आपणच भरायची पहिली रक्कम) कमी असतात, दावा करून हाती काही लागत नाही. विमा हा शस्त्रक्रिया, दाखल होणं आणि हलवणं यांसाठी घ्यायचा. म्हणूनच कमी हप्ता आणि कमी डिडक्टिबल यांच्या मागे लागण्यापेक्षा मोठी मर्यादा आणि जास्त डिडक्टिबल असलेली पॉलिसी लांबच्या सहलीला बरी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, पण तो व्हिसाचा उंबरठा आहे, मोठ्या अपघाताला पुरणारी रक्कम नाही.

पॉलिसीत पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण शब्द न् शब्द वाचाव्या. एका सहलीची कमाल मुदत किती दिवसांची? वार्षिक पॉलिसी घेतली तरी ही मुदत अनेकदा महिना-दीड महिन्याचीच असते. सायकलिंग हे मुख्य वाहन म्हणून चालतं की फक्त फिरायला घेतलेली भाड्याची सायकल? उंचीची मर्यादा किती मीटर? हेल्मेट नसेल तर दावा नाकारला जातो का? दाखल होण्यापूर्वी मदत क्रमांकावर फोन करणं बंधनकारक आहे का? शेवटच्या अटीवर पुष्कळ दावे अडतात, म्हणून तो क्रमांक फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे ठेवा. सविस्तर बिल, डिस्चार्जचा कागद, पैसे भरल्याची पावती आणि अपघात असेल तर पोलिसांचा अहवाल, हे इस्पितळ सोडण्याआधीच मागून घ्या. सायकल परत पाठवण्याचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत.

कुत्रा चावला तर

टूरिंग करणाऱ्यासाठी हा धोका खरा आहे आणि इथे आधी घेतलेली रेबीजची लस नंतरच्या धावपळीपेक्षा सरस ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे आधी घ्यायच्या लसीचे दोन डोस पुरतात, सात दिवसांच्या अंतराने. ते घेतलेल्याला चावल्यावर शून्याव्या (उपचार सुरू होण्याच्या) आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात. न घेतलेल्याला तीन-चार डोस, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर शिवाय इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). ते बऱ्याच लहान गावांत मिळत नाही. दोन्ही बाबतींत जखम आधी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची. मिनिटं घड्याळात मोजा. डोसचं वेळापत्रक चालू असेपर्यंत सायकलचा मार्ग रेल्वेच्या जवळपास ठेवा, आणि प्रत्येक डोसच्या कागदावर लसीचं नाव व बॅच क्रमांक लिहून घ्या, म्हणजे पुढच्या गावातला डॉक्टर तीच मालिका पुरी करू शकेल. धनुर्वाताचा डोस घरून निघण्याआधीच घ्यावा: दहा वर्षं उलटली असतील तर नक्कीच, आणि माती भरलेल्या जखमेला पाच वर्षांचा जुना डोसही पुरेसा धरत नाहीत.

औषधं आणि नंबर

आपत्कालीन मदतीचा नंबर युरोपीय संघात ११२, जपानमध्ये रुग्णवाहिकेला ११९. जर्मनीत तातडीचं नसलेलं दुखणं रात्री उद्भवलं तर ११६११७. औषधांची जेनेरिक नावं लिहून न्या, कारण पॅरासिटामॉल अमेरिकेत आणि जपानमध्ये असिटामिनोफेन होतं. सर्दीच्या गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही. डॉक्टरांनी लिहिलेली औषधं तिथे एक महिन्यापुरतीच विनापरवाना नेता येतात. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ.

रेल्वेच नसेल तिथे

ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गावर ही सगळी तुलना वेगळीच होते. आक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे आणि जवळपास रूळ नाहीत. बाहेर पडायचं ते सायकल छतावर बांधून, सामायिक जीपने. पॉलिसीची मर्यादा ३,००० किंवा ४,००० मीटर असेल तर ती इथे कागदच राहते. उंची चढताना ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखीसोबत उलटी किंवा तोल जाणं सुरू झालं तर अंधार असो की थंडी, उतरायचं. जीपवाल्याचा नंबर वाटेतल्या मुर्गाब किंवा खोरोग गावच्या मुक्कामातच घेऊन ठेवा, आणि सायकल बांधायला चार मजबूत पट्टे तुमच्याकडे असूद्या. जीपवाल्याकडे बहुधा दोरीच असते, आणि दोरीने डिरेलर वाकतो.