पुठ्ठ्याचा डल्सिमर संच : वर्षभर वर्गात वापरल्यावर

मी ओहायोत पाचवीला शिकवते. शाळेने ऑगस्टमध्ये हे संच मागवले, दोन मुलांत एक असे. प्रत्येक संचासोबत अमेरिकन लोकसंगीत आणि ‘पायोनियर जीवन’ (पश्चिमेकडे वसायला गेलेल्या गोऱ्यांचं जीवन) शिकवायची एक रंगीत पुस्तिका येते. आता शाळेचं वर्ष संपत आलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही. घाईत असाल तर एवढंच वाचा : वाद्य जरूर घ्या, पुस्तिका कपाटात ठेवा.

डल्सिमर हे पूर्व अमेरिकेतल्या अपालाशियन डोंगराळ भागातलं, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं तंतुवाद्य. जर्मन स्थलांतरितांच्या शाइटहोल्ट या जुन्या तंतुवाद्याचा हा वंशज. तारा तीन किंवा चार. चाल एका बाजूच्या तारेवरच वाजते, बाकीच्या तारा नुसत्या गुंजत राहतात. तारा डी-ए-डी या सुरांत लावल्या की सा-प-सा, म्हणजे मांडीवर तंबोराच. पडदेही मोजकेच, त्यामुळे कधीच वाद्य हातात न धरलेल्या मुलाने तार दाबायची छोटी काठी कुठेही दाबली तरी कानाला खटकत नाही. पहिल्याच आठवड्यात वर्गाने कोबी शिजवण्याचं एक जुनं गाणं वाजवून दाखवलं. रेकॉर्डरवर, म्हणजे शाळेतल्या उभ्या बासरीवर, हे घडायला दिवाळी उजाडते.

संचाच्या लाकडी पट्टीवर पडदे आधीच बसवलेले असतात. पुठ्ठ्याची पेटी घडी घालून पांढऱ्या गोंदाने चिकटवायची आणि रात्रभर रबरबँड लावून ठेवायची. रंगवायला पाण्याचे रंग देऊ नका, पुठ्ठा फुगतो. आवाज मात्र पुठ्ठ्याच्या मानाने खणखणीत आहे. नखीसाठी पूर्वी हंसाचं पीस वापरत, आम्ही दह्याच्या डब्यांची झाकणं कापली. ती सोबत आलेल्या नख्यांपेक्षा बरी.

डोकेदुखी आहे ती साडेसहाव्या पडद्याची. मोकळ्या तारेवरून वर गेलं की खमाज थाट निघतो, कोमल नी सकट. शुद्ध नी हवा म्हणून सहा आणि सातच्या मधे हा जादा पडदा घातलेला असतो. मुलं मोजताना तोही धरतात आणि वरचा सा म्हणून शुद्ध नी वाजवून मोकळी होतात. मी सातव्या पडद्याशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, मग कटकट मिटली. हिवाळ्यात हीटर सुरू झाला की तारा रोज उतरतात-चढतात, तेव्हा सकाळची पंधरा मिनिटं सूर लावण्यात जाणार हे धरून चाला. तारांचा जादा साठा हवाच. आमच्या एका संचात तर एक तारच नव्हती, आणि ती यायला नाताळ उलटला.

आता पुस्तिका. मुखपृष्ठावर ऑरेगन ट्रेलची, म्हणजे पश्चिमेला वसायला जाणाऱ्यांच्या वाटेवरची, छकडागाडी आणि तिच्यात डल्सिमर. चित्र छान, पण डल्सिमर डोंगरातल्या घरांत वाजायचा. पश्चिमेच्या वाटेवर लोकांनी नेली ती मुख्यतः फिडल, माउथऑर्गन, बँजो. बँजोचंही चित्र आहे, दाढीवाल्या गोऱ्या गृहस्थाच्या हातात. तो मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी भोपळ्यापासून घडवला, याबद्दल अवाक्षर नाही. ज्या डोंगरांचं एवढं कौतुक, त्यांच्या दक्षिण टोकाकडून 1838 मध्ये तिथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांना सैन्याने बाहेर काढलं, वाटेत हजारो मेले. तेही नाही. 1862 च्या होमस्टेड कायद्याने वसायला जाणाऱ्यांना मिळणाऱ्या 160 एकरांवर अख्खं पान आहे. ती जमीन आधी कोणाची होती, हा प्रश्न माझ्या वर्गातल्या मुलीने विचारला, पुस्तिकेने नाही.

म्हणून ते धडे मी स्वतःच बसवले. जमिनीवर चिकटपट्टीने साधारण दहा फूट बाय चार फूट चौकोन आखला : ही तुमची गाडी. तेव्हाच्या एका मार्गदर्शकाच्या हिशेबाने माणशी 200 पौंड पीठ आणि 150 पौंड बेकन, त्या मापाची खोकी आत रचली. वर अंथरुणं, अवजारं, बियाणं. ‘मग आम्ही बसायचं कुठे?’ कुठेच नाही. सुमारे 2000 मैल बहुतेकांनी पायीच कापले, आणि वाटेत सर्वांत जास्त बळी कॉलऱ्याने घेतले. त्या तासाला पोरं जेवढी गप्प होती तेवढी एरवी कधी नसतात.

गाण्यांसाठीही पुस्तिकेतली घोटीव ध्वनिमुद्रणं सोडून द्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर हेन्री रीड या म्हाताऱ्या फिडलवादकाच्या चाली फुकट ऐकायला मिळतात, ॲलन जबूर यांनी 1966-67 मध्ये व्हर्जिनियात जाऊन टिपलेल्या. त्यांत मधेच गप्पाही ऐकू येतात, मुलांना त्याच जास्त आवडतात. केंटकीतल्या व्हायपर गावच्या लोकगायिका जीन रिची यांचं गाणंही ऐकवा; न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या समाजसेवा केंद्रात त्यांनी शहरातल्या मुलांना आपल्या घरची गाणी शिकवली होती.

पुढच्या वर्षासाठी आणखी संच मागवतेय. पुस्तिका वगळून किंमत कमी होईल का, असं विक्रेत्याला विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकते.